खगोल-छायाचित्रणाचं सॉफ्टवेअर कुठे चाललंय आणि आपण मशीन कोणतं घ्यायचं? (जळगाव-धुळे-नंदुरबारकरांनी जरूर लिहा)

गच्चीवरचा_मास्तर (चोपडा)

मंडळी, आधी रडगाणं ऐका, मग प्रश्न.

अमावास्येला तोरणमाळला गेलो होतो. आकाश असं की यशवंत तलावाच्या पाण्यातही तारे दिसत होते. २४ मेगापिक्सेलचा जुना डीएसएलआर, छोटा ट्रॅकर (ताऱ्यांबरोबर कॅमेरा फिरवणारा), आणि मृगातल्या तेजोमेघाच्या एकेक मिनिटाच्या १८० फ्रेम. म्हणजे तीन तासांचा प्रकाश. घरी येऊन सिरिल या फुकटच्या सॉफ्टवेअरमध्ये सगळं टाकलं, स्टॅकिंगची (सगळ्या फ्रेम एकावर एक रचून एकच चित्र करण्याची) स्क्रिप्ट चालू केली आणि शाळेत निघून गेलो. संध्याकाळी परत आलो तर पडद्यावर एकच ओळ: डिस्कवर जागा नाही. लॅपटॉप आय-५, रॅम ८ जीबी, २५६ जीबीची एसएसडी, त्यातली ९० जीबी मोकळी होती. पाच जीबीच्या रॉ (कॅमेऱ्यातून आलेल्या कच्च्या) फायलींना नव्वद जीबी पुरत नाही हे मला अजून पटत नाहीये.

आमच्या तालुक्यातल्या सात-आठ हौशी लोकांनी वर्गणी काढून एक सामाईक मशीन घ्यायचं ठरवलंय. सत्तर हजारांपर्यंत जमतील. एक जण म्हणतो सगळे पैसे ग्राफिक कार्डात घाला, पुढे सगळं एआयच होणार. दुसरा म्हणतो काही घेऊ नका, दोन वर्षांत सगळं क्लाउडवर जाईल. जाणकारांनी सांगा, हे सॉफ्टवेअर पाच वर्षांनी काय मागणार आहे?

रॅमभाऊ (जळगाव)

मास्तर, आधी तुमचे नव्वद जीबी कुठे गेले त्याचा हिशेब करू. संगणक दुरुस्तीचं दुकान आहे, रोज हेच करतो.

तुमचा सेन्सर ६००० × ४००० पिक्सेलचा, म्हणजे २ कोटी ४० लाख पिक्सेल. रॉ फायलीत प्रत्येक पिक्सेलला एकच रंग असतो, शिवाय ती दाबून ठेवलेली असते, म्हणून २८-३० एमबीत मावते. सॉफ्टवेअर ती उघडून प्रत्येक पिक्सेलला तीन रंग देतं आणि प्रत्येक रंग ३२ बिटांत, म्हणजे ४ बाइटमध्ये लिहितं. २.४ कोटी गुणिले ३ गुणिले ४, झाले २८८ एमबी. एका फ्रेमचे! १८० फ्रेमचे ५२ जीबी. मग तारे जुळवून सरकवलेल्या फ्रेमचा आणखी एक संच, पुन्हा ५२ जीबी. झाले ना शंभराच्या वर?

फुकटातला उपाय आधी करा. सिरिलच्या सेटिंगमध्ये ३२ ऐवजी १६ बिट निवडता येतं, जागा निम्म्यावर येते. फायली दाबून ठेवायचाही पर्याय तिथेच आहे.

आता मशीन. लोक दुकानात येऊन पहिला प्रश्न प्रोसेसरचा विचारतात. या कामात गाडी अडते ती डिस्कवर. साध्या फिरत्या हार्डडिस्कवरून सेकंदाला १२० एमबी मिळाले असं धरा, तर ५२ जीबी एकदा वाचायलाच सव्वासात मिनिटं लागतात. साट्याच्या (जुन्या जोडणीच्या) एसएसडीवर पावणेदोन मिनिटं. एनव्हीएमईवर, म्हणजे वेगवान जोडणीच्या एसएसडीवर, वीस सेकंदांच्या आत. आणि स्टॅकिंग करताना सॉफ्टवेअर एकामागून एक फाइल सरळ वाचत नाही. सगळ्या १८० फ्रेमची वरची पट्टी एकदम घेतं, त्यातून उपग्रहाच्या रेघा, विमानं उडवतं, मग पुढची पट्टी. फिरत्या डिस्कचा काटा बिचारा १८० ठिकाणी पळत बसतो. पट्टी किती रुंद घेता येईल ते रॅमवर ठरतं. म्हणून माझा क्रम: एनव्हीएमई, मग रॅम, मग बाकीचं.

फक्त रॅमचे भाव सध्या चढलेत. डेटा सेंटरवाले सगळा माल उचलतायत. घ्यायची तर एकदम घ्या, "नंतर वाढवू" म्हणाल तर फसाल.

कपाशीवाला (पारोळा)

मना लॅपटॉप ते नुसता तापी जास भो, तापीकाठना शे ना!

गंमत सोडा. मी ते पेटीसारखं छोटं स्मार्ट दुर्बीण घेतलंय, सीस्टार एस-५०. शेतात ठेवतो, मोबाईलवर वस्तू निवडतो, ते स्वतः शोधतं आणि दर दहा सेकंदांची फ्रेम घेऊन तिथल्या तिथे स्टॅक करत जातं. सेन्सर जेमतेम २ मेगापिक्सेलचा, १९२० × १०८०. फ्रेम ४ एमबीची. पण रात्रभरात हजार फ्रेम होतात हो! त्या संगणकावर घेऊन पुन्हा नीट स्टॅक करायच्या म्हटलं तर रॅमभाऊंच्या हिशेबाने २५ एमबी गुणिले हजार, म्हणजे २५ जीबी. पिक्सेल कमी असले तरी जागा बरीच.

मला तर वाटतं पुढचं सॉफ्टवेअर दुर्बिणीच्या पोटातच असणार. मास्तर, मशीन घेताय कशाला, अशी दोन खोकी घ्या.

भुसावळ_जंक्शन

कपाशीवाले, खोकं चांगलंच आहे. पण त्याने जो फोटो बनवून दिला तोच शेवटचा समजून फ्रेम पुसू नका. का ते सांगतो. माझी चूक आहे, लपवण्यात अर्थ नाही.

रेल्वेतून निवृत्त झाल्यावर हा नाद लागला. डिसेंबर २०१९ मध्ये पालला, सुकी धरणाच्या बाजूला, कृत्तिकांच्या दोन-दोन मिनिटांच्या ९४ फ्रेम घेतल्या होत्या. तेव्हा डीपस्कायस्टॅकरमध्ये स्टॅक केलं, हाताने कर्व्ह ओढले. निळी धूळ थोडी दिसली, आजूबाजूचं आकाश रावेरकडच्या दिव्यांनी तांबूस झालेलं. ते काळं करून टाकलं आणि फोटो फ्रेम करून भिंतीवर लावला. सहा वर्षं तो तिथेच आहे.

गेल्या पावसाळ्यात (आपल्याकडे जून ते सप्टेंबर दुसरं करणार काय?) त्याच ९४ फ्रेम काढल्या. सिरिलमध्ये नव्याने स्टॅक केल्या, ग्रॅक्सपर्टने पार्श्वभूमीचा उजेड वजा केला, स्टारनेटने तारे बाजूला केले. जे आकाश मी काळं करून टाकलं होतं, त्यात तपकिरी धुळीचे पट्टे निघाले. कॅमेरा तोच, रात्र तीच. २०१९ मध्येच ते सगळं माझ्या डिस्कवर होतं, फक्त मला काढता येत नव्हतं.

आता चूक. लाइट फ्रेम (आकाशाच्या मूळ फ्रेम) मी दोन डिस्कवर जपल्या होत्या. फ्लॅट (सारख्या उजेडात घेतलेल्या, धुळीच्या सावल्या काढायच्या फ्रेम) मात्र पुसून टाकल्या, एकदा वापरल्या, आता काय करायच्यात म्हणून. सेन्सरवर तेव्हा धुळीचे तीन कण होते. त्यांच्या तीन गोल सावल्या जुन्या काळ्या आकाशात बुडाल्या होत्या, नव्या फोटोत त्या वडे तळून ठेवल्यासारख्या वर आल्या. एक तर नेमकी मेरोपी या कृत्तिकांतल्या ताऱ्याच्या धुळीवर. ते कण मी २०२० मध्ये स्वतःच्या हाताने पुसलेत, त्यामुळे तशी फ्लॅट आता जगात कुठेच मिळणार नाही.

म्हणून मास्तर, तुमच्या सत्तर हजारांतले काही साठवणीला ठेवा. चार-चार टीबीच्या दोन साध्या हार्डडिस्क, एक तुमच्याकडे, एक दुसऱ्याच्या घरी. लाइट, डार्क (सेन्सरचे स्वतःचे ठिपके वजा करायला झाकण लावून घेतलेल्या फ्रेम), फ्लॅट सगळं. मशीन पाच वर्षांनी भंगारात जाईल, या फ्रेम नाही जाणार.

अनुराधा_नक्षत्र (मूळ धुळे, सध्या पुणे)

काका, तुमचा प्रतिसाद वाचनखुणांत टाकला.

मी एआय मॉडेलांवरच काम करते (खगोलाच्या नाही, पोटापाण्याच्या), म्हणून ग्राफिक कार्डाबद्दल लिहिते. नॉइज कमी करणं, तारे वेगळे करणं, धूसर तारे आवळणं, ही एआयची कामं होतात सगळं स्टॅक झाल्यावर, एकाच अंतिम चित्रावर. १८० फ्रेमवर नाही. आणि ते चित्रही मॉडेलला अख्खं दिलं जात नाही. ५१२ × ५१२ पिक्सेलच्या फरशा पाडतात, सांधे दिसू नयेत म्हणून एकमेकींवर चढवतात. अर्धी फरशी चढवली तर मास्तरांच्या चित्राच्या पावणेचारशे-चारशे फरशा होतात. एका वेळी एक फरशी, म्हणून ४ जीबीचं कार्डसुद्धा ६० मेगापिक्सेलचं चित्र खेचतं, फक्त वेळ लागतो. माझ्या जुन्या लॅपटॉपवर बिनाकार्डाचं तारे काढायला १४ मिनिटं लागली होती. ऑफिसातल्या मित्राच्या कार्डावर मिनिटभरही नाही. पण महिन्यातून दोन चित्रं करणाऱ्याला १४ मिनिटं काय जड आहेत? चहा होतो.

पाच वर्षांनी काय? मला दोन गोष्टी दिसतात. एक, मॉडेल एका कंपनीच्या कार्डाला बांधलेली राहणार नाहीत. आधी पिक्सइनसाइट या विकतच्या सॉफ्टवेअरमध्ये एनव्हिडिया कार्ड जागं करायला लोक डीएलएल फायली बदलत बसायचे, अर्धी रात्र त्यात जायची. ग्रॅक्सपर्ट ओएनएनएक्स नावाच्या सामाईक साच्यात मॉडेल ठेवतं, तेच मॉडेल एनव्हिडिया, एएमडी, इंटेल, मॅक कुठेही चालतं. नवीन प्रोसेसरांत तर एआयसाठी वेगळा भाग येऊ लागलाय. दोन, सिरिलच्या १.४ आवृत्तीत पायथन स्क्रिप्ट लिहायची सोय आली. म्हणजे कुणीतरी लिहिलेलं नवं साधन पूर्ण सॉफ्टवेअरची वाट न बघता आपल्यापर्यंत पोचतं. मोठ्या वेधशाळाही अशाच चालतात. चिलीतल्या रुबिन वेधशाळेचा कॅमेरा ३२०० मेगापिक्सेलचा, रात्रीला २० टीबीच्या आसपास डेटा. त्यांची प्रक्रियेची साखळीसुद्धा मुक्त स्रोत आहे, पायथन आणि सी++ मध्ये.

तेव्हा कार्डाची जागा रिकामी ठेवा. आज घेतलेलं महाग कार्ड दोन वर्षांनी निम्म्या किमतीत मिळेल.

शंकासुर

ते सगळं ठीक, पण एआयने काढलेला पट्टा आकाशात आहे की मॉडेलच्या डोक्यात, हे कोण ठरवणार? २०२३ मध्ये एका फोनच्या चंद्रावरून केवढा गदारोळ झाला. एकाने मुद्दाम धूसर केलेला चंद्र पडद्यावर लावून फोटो काढला, तर फोनने त्यात विवरं भरून दिली! आणि आपण मान डोलावतोय. काकांचे तपकिरी पट्टेही असेच कशावरून नसतील?

भुसावळ_जंक्शन

शंकासुरजी, शंका रास्त आहे. मलाही रात्रभर झोप नव्हती. मी असं केलं: ९४ फ्रेमचे दोन गट पाडले, सम आणि विषम, प्रत्येकी ४७. दोन्ही वेगवेगळ्या स्टॅक केल्या, वेगवेगळ्या ग्रॅक्सपर्टमधून काढल्या आणि एकमेकांवर ठेवून डोळा मिचकावल्यासारख्या अदलाबदल करून बघितल्या. तपकिरी पट्टे दोन्हींत, त्याच जागी. एक बारीक धाग्यासारखी रेघ मात्र फक्त सम गटात होती, ती मी सोडून दिली.

अनुराधा_नक्षत्र

काका, नेमकं हेच! नॉइज दोन्ही गटांत वेगळा असतो, आकाश एकच असतं. त्यातही फरक आहे, शंकासुर. स्टारनेट किंवा पार्श्वभूमी काढणारी साधनं मुख्यतः वजाबाकी करतात. तारे आवळणारी साधनं, उदाहरणार्थ २०२२ च्या डिसेंबरात आलेलं ब्लरएक्सटर्मिनेटर, हबल-जेम्स वेबच्या चित्रांवर शिकवलेली आहेत. तिथे जोर वाढवला की जास्त जपायचं. मी तर चित्राखाली कोणतं साधन किती जोराने वापरलं ते लिहिते.

शंकासुर

सम-विषमचं पटलं. करून बघतो. बाकी शंका राखून ठेवतो.

रॅमभाऊ

एक राहिलंच. ज्यांचे जुने संगणक आहेत त्यांनी प्रोसेसरमध्ये एव्हीएक्स (एका झटक्यात बरीच गणितं करायची सोय) आहे का ते आधी बघा. २०११ च्या आधीच्या मशीनमध्ये ते नाही, आणि स्वस्तातल्या कितीतरी पेंटियम-सेलेरॉनमध्ये त्यानंतरही नव्हतं. स्टारनेटसारखं साधन अशा मशीनवर उघडताक्षणी बंद पडतं, गिऱ्हाईक म्हणतं व्हायरस आला. आणि विंडोज १० ला मायक्रोसॉफ्टने ऑक्टोबर २०२५ मध्ये रामराम ठोकला. ११ ज्यात बसत नाही असे चांगले आय-५, आय-७ स्वस्तात निघतायत. त्यात लिनक्स टाका, सिरिल झकास चालतं. मी दुकानातल्या पोरांना त्यावरच शिकवलंय.

तीळ_उडीद (शहादा)

सगळे वॅटचं विसरलात. आमच्या फीडरला वीज आठवड्यागणिक पाळीने येते. घरात १२ व्होल्टची १५० एएचची बॅटरी, कागदावर १८०० वॅट-तास. लेड-अॅसिड आहे, अर्धीच वापरायची, म्हणजे ९००. कार्डवाला डेस्कटॉप जोरात असताना ३५०-४०० खातो, वर इन्व्हर्टरची गळती. दोन तासांत बत्ती गुल. लॅपटॉप ६० वॅटवर रात्रभर चालतो. माझ्या लेखी पुढचं हार्डवेअर म्हणजे कमी विजेत जास्त काम. भाचीकडे नवा मॅक मिनी आहे, १६ जीबीचा, पूर्ण जोरातसुद्धा पासष्टच्या आत राहतो. स्टॅकिंग त्यावर माझ्या डेस्कटॉपपेक्षा लवकर झालं. फक्त त्यात रॅम वाढवता येत नाही, आणि जास्त साठवण मागाल तर ते सोन्याचा भाव लावतात.

आणि मे महिना! ४४-४५ अंशांत मशीन स्वतःच वेग कमी करतं. मी पहाटे चारला काम लावतो. कूलरसमोर ठेवायचा प्रयोग एकदा केला होता, वाळ्याच्या पाण्याचे थेंब कीबोर्डात गेले. पुन्हा नाही.

कपाशीवाला

@तीळ_उडीद कूलरचं मी पण केलंय 😄 कॅमेऱ्याचंही तेच ना? आम्ही डिसेंबरच्या डार्क मे महिन्यात वापरत होतो, लाल-निळे ठिपके काही जाईनात.

भुसावळ_जंक्शन

जाणारच नाहीत. दर ६ अंशांना सेन्सरचा उष्णतेचा प्रवाह साधारण दुप्पट होतो. डिसेंबरातली १२ अंशांची रात्र आणि मेमधली ३० ची, म्हणजे आठपट. बिनकूलिंगच्या कॅमेऱ्याला डार्क त्याच रात्री, त्याच तापमानात घ्यायच्या. इथे कोणतंही एआय उपयोगाचं नाही, झाकण लावून अर्धा तास थांबायचं.

गच्चीवरचा_मास्तर

सगळ्यांचे आभार. क्लाउडवाल्या मित्रालाही उत्तर मिळालं, स्वतःच गणित केलं. आमच्याकडे अपलोड ५ एमबीपीएस मिळालं तर नशीब. नुसत्या ५ जीबी रॉ फायली चढवायला सव्वादोन तास. उघडलेला ५२ जीबीचा संच चढवायचा तर अख्खा दिवस, मध्ये वीज गेली नाही तर. तो गप्प बसला.

काल जळगावला रॅमभाऊंच्या दुकानात जाऊन आलो. (चहा, फाफडा, दोन्ही त्यांच्याकडून.) जुना आय-७, ३२ जीबी रॅम, १ टीबी एनव्हीएमई, लिनक्स. कार्डाची जागा रिकामी. चार टीबीच्या दोन डिस्क, एक माझ्याकडे, एक अडावदच्या मित्राकडे. शाळेच्या कार्यक्रमांसाठी मॉनिटरही त्यातच बसवला. हिशेब सत्तरच्या आत राहिला, कसा ते रॅमभाऊंना विचारा, मी इथे लिहिलं तर त्यांच्या दुकानासमोर रांग लागेल.

तिथेच तोरणमाळच्या १८० फ्रेम लावल्या. ३२ बिट, काहीही न दाबता. चहा संपायच्या आत स्टॅक तयार. मृगातला तेजोमेघ तर आलाच, पण डाव्या वरच्या बाजूला, जिथे माझ्या डोळ्यांना काहीच नव्हतं, तिथे धुरासारखी पसरलेली धूळ. काकांच्या पद्धतीने सम-विषम करून बघितलं, दोन्हींत आहे.

पुढच्या अमावास्येला पाटणादेवीला जायचा विचार आहे, गौताळ्याच्या बाजूला अंधार बरा आहे म्हणतात. भास्कराचार्यांच्या ग्रंथांच्या अभ्यासासाठी त्यांच्या नातवाने, चांगदेवाने, मठ काढला त्याचा शिलालेख तिथल्या देवळात आहे. मुलांना तोही दाखवता येईल. कोण कोण येतंय?

एक मात्र. फ्रेम ६१ ते ६७ टाकून द्याव्या लागल्या. पार्श्वभूमी एकदम नारिंगी. वेळ बघितली, रात्री साडेनऊ. त्याच वेळी आम्ही कॅमेऱ्यामागे काट्या पेटवून भरिताची वांगी भाजत होतो.

कपाशीवाला

वांगी कोठली? बामणोदची असतील तर सात फ्रेम गेल्या तरी चालतील.